पितृपंधरवड्यातली सहल

दुकानदाराच्या घरात दिलेल्या माझ्या मैत्रिणींना निराळं सांगायला नकोच. साऱ्या जगाला सुट्टी असते तेव्हा आमच्याकडे हंगाम असतो. आमचं कापडाचं दुकान. दिवाळी संपते न संपते तोच तुळशीचं लग्न. मग लग्नसराई, मग पाडवा, अक्षय्यतृतीया. मे महिन्यात शेजारपाजारची मुलं आजोळी जातात, आणि आमच्याकडे बस्ता बांधायला आलेल्या वीस-वीस माणसांच्या चहाचं आधण काही केल्या शेगडीवरून उतरत नाही.

लग्न झालं त्या पहिल्याच वर्षी ह्यांनी कबूल केलं होतं, "एवढी दिवाळी आटपू दे, तुला अजिंठा-वेरूळ दाखवतो." त्यानंतर चोवीस दिवाळ्या आटपल्या. येवल्याच्या बाजूचं आमचं तालुक्याचं गाव. अजिंठा काही काशी-रामेश्वराएवढा लांब नाही. पण जवळचं राहूनच जातं, हेही आपण सगळ्याजणी जाणतोच.

अजिंठ्याचं वेड मला आमच्या दुकानानंच लावलं. गल्ल्याच्या वर एक जुनं चित्र आहे. मामंजींनी कुठल्याशा कॅलेंडरचं पान कापून त्याला काच लावून घेतली होती. हातात कमळ धरलेला, मान किंचित कललेली, खाली पाहणारे डोळे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी. मामंजींनी तरी तो प्रत्यक्ष कुठं पाहिला होता! "एकदा जाऊन यायचंय," असं म्हणत म्हणतच सहा वर्षांपूर्वी ते गेले.

मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि घर एकदम मोकळं झालं. तेव्हा, म्हणजे 2024 च्या उन्हाळ्यात, मी एका दुपारी भिंतीवरचं कॅलेंडर खाली उतरवलं आणि पेन्सिल घेऊन बसले. म्हटलं, आता हौस नको, हिशेब करू.

मे महिन्यावर पहिली काट. नणंदबाई एका मे महिन्यात जाऊन आल्या होत्या. अजिंठ्याची लेणी नालाच्या आकाराच्या खोऱ्यात आहेत. दगड तापला की ऊन वरूनही लागतं आणि भिंतीतूनही. त्या बिचाऱ्या तीन लेणी पाहून खाली येऊन बसल्या, ते संध्याकाळपर्यंत लिंबू-सरबतच पीत होत्या. दिवाळीच्या सुट्टीवर दुसरी काट. शेजारच्या वहिनी तेव्हा गेल्या होत्या. चित्रं असलेल्या लेण्यांत थोडीथोडीच माणसं आत सोडतात, म्हणून बाहेर रांग. आत गेल्यावर अंधाराला डोळे सरावतात तोच "चला, पुढं चला!" वहिनींना पद्मपाणी कसा होता विचारलं, तर म्हणाल्या, "समोरच्या माणसाच्या टकलाएवढा!"

श्रावण हिरवागार खरा. पण वेरूळच्या लेण्यांच्या शेजारीच घृष्णेश्वर, बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक. श्रावणी सोमवारच्या आसपास तिथं पाय ठेवायला जागा नसते. जगाचा ऑफ-सीझन आणि महादेवाचा सीझन एकच, हे ध्यानात घ्यायला हवं. आषाढात आमच्या दुकानात सेल. मग गणपती. असं खोडत खोडत आले, आणि मोकळे राहिले ते फक्त पंधरा दिवस. भाद्रपदाचा वद्य पक्ष. पितृपंधरवडा.

त्या पंधरवड्यात आपल्याकडे कुणी नवं कापड घेत नाही. दिवसाकाठी चार टॉवेल आणि दोन परकर खपतात. पाऊस ओसरायला लागलेला, डोंगर अजून हिरवे, धबधबे आटलेले नसतात. शाळा चालू, त्यामुळे सहली नाहीत. मी फर्दापूरला एका लॉजवर फोन करून पाहिला. दिवाळीत जे भाडं सांगतात त्याच्या जवळजवळ निम्म्यानं खोली द्यायला माणूस तयार!

रात्री जेवताना मी विषय काढला. हे भाताकडे पाहत राहिले. सासूबाईंनी मात्र हातातला घास ताटात ठेवला.

"पितरांच्या दिवसांत सहल? लोक काय म्हणतील?"

मी म्हटलं, "आई, यांना दुसरे दिवस मोकळे नसतात हो."

"नसले तर नसले. इतकी वर्षं नाही गेलात, काही अडलं का?"

तेवढ्यावर मी गप्प बसायला हवं होतं. पण चोवीस वर्षांचा साठा तोंडाशी आला. मी म्हणून गेले, "गेलेल्यांसाठी वर्षातले पंधरा दिवस राखायचे, आणि जिवंत माणसांसाठी एकही नाही का?"

सासूबाई काही बोलल्या नाहीत. उठून हात धुतले आणि आत गेल्या. मामंजी गेल्यापासून त्यांनी गाव सोडलं नव्हतं, हे मला त्यांची पाठमोरी आकृती पाहताना आठवलं. खरं तर जिवंत माणसांत त्याही होत्याच की! पण मी बेत केला होता तो दोघांचाच. त्यांना "चला" म्हणायचं मला सुचलंसुद्धा नव्हतं. त्यानंतर कितीतरी दिवस आमचं बोलणं "भाजी कुठली करू" आणि "दूध तापवलं का" एवढ्यापुरतंच उरलं.

मामंजींची तिथी पंचमीची. श्राद्धाला नेहमीचे गुरुजी आले. पानं उठली, गुरुजी सुपारी कातरत बसले. मी आत भांडी आवरत होते. बाहेरून सासूबाईंचा आवाज आला, "गुरुजी, या दिवसांत प्रवास केला तर दोष लागतो का हो?"

गुरुजी म्हणाले, "आई, गयेला माणसं कधी जातात? याच पंधरवड्यात ना? घरोघरची माणसं गाड्या भरभरून जातात. शुभकार्य करू नये म्हणतात, घराबाहेर पडू नये असं कोण म्हणतं? आणि तुमची तिथी तर आज झाली."

गुरुजी गेल्यावर सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "ह्यांना जायचं होतं गं तिथं. राहून गेलं. मला तरी चालवेल का तेवढं?"

माझ्या हातात तवा होता, तो मी नुसताच घासत राहिले. मग म्हटलं, "आई, सावकाश जाऊ. गर्दी नाहीये, कुणी मागून ढकलणार नाही."

अशी आमची तिघांची सहल ठरली. आता बेत कसा आखला तो सांगते, म्हणजे तुमच्या उपयोगी पडेल. वार आधी पाहा. अजिंठा सोमवारी बंद असतो आणि वेरूळ मंगळवारी. हे न बघता गेलेली आणि फाटकाला हात लावून परतलेली कुटुंबं मला ठाऊक आहेत. शनिवार-रविवार तर ऑफ-सीझनलाही टाळावेत. तेव्हा मंगळवारी निघायचं, फर्दापूरला मुक्काम. बुधवारी अजिंठा करून संध्याकाळी छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला, यायचं. गुरुवारी वेरूळ, शुक्रवारी घरी. अजिंठा संभाजीनगरपासून शंभरेक किलोमीटर, वेरूळ तीसेक. दोन्ही एका दिवसात उरकू म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. त्यात पाहणं कमी आणि गाडीत बसणंच जास्त.

गेलो एस.टी.नं. बायकांना एस.टी.चं तिकीट 2023 च्या मार्चपासून अर्ध झालेलं, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना त्याच्या आदल्या वर्षापासून प्रवास फुकट. सासूबाई शहात्तरच्या. तेव्हा आमच्यात पुरं तिकीट एकट्या ह्यांचं! "घरातला कर्ता पुरुष कोण ते कंडक्टरला बरोबर कळलं," असं सासूबाई म्हणाल्या तेव्हा गेल्या महिन्यातला अबोला खऱ्या अर्थानं सुटला.

सिल्लोड ओलांडलं, की दोन्ही बाजूंना मका आणि कपाशी. मग घाट उतरून फर्दापूर. इथं ऑफ-सीझनची दुसरी बाजूही सांगायला हवी. खोली स्वस्त मिळाली खरी, पण गिऱ्हाइकं नाहीत म्हणून लॉजवाल्यानं आचाऱ्याला सुट्टी दिलेली! गरम पाणी सकाळी सहा ते सात, तेही बादलीनं. मी सवयीनं दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट नेलं होतं म्हणून रात्र निभावली. तेव्हा फोनवर नुसतं भाडं विचारू नका. जेवण मिळतं का, पाणी किती वाजता, खोली तळमजल्यावर आहे का, कुठं रंगकाम नाही ना चाललं, हे सगळं विचारा. पावसाळी हवेत ओलं वाळत नाही. प्रत्येकाचा एक जादा जोड, ओल्या कपड्यांसाठी दोन मोठ्या पिशव्या आणि बोळे करून बुटांत कोंबायला जुनी वर्तमानपत्रं घ्या. चित्रांच्या लेण्यांत चपला बाहेर काढाव्या लागतात. तेव्हा पटकन निघणाऱ्या, पण तळ न घसरणाऱ्या चपला बऱ्या. आणि खाऊची पिशवी हातात लोंबकळत नेऊ नका. माकडं आपल्यापेक्षा हुशार असतात.

सकाळी फर्दापूरच्या फाट्यावरून लेण्यांकडे नेणारी बस धरली. खासगी गाड्या तिथंच थांबवतात, पुढचे चारेक किलोमीटर त्या बसनंच जायचं. बसमध्ये आम्ही धरून नऊ माणसं. उतरलो तर समोर पायऱ्या, आणि पायऱ्यांच्या तोंडाशी डोलीवाले बसलेले. खुर्चीला दोन दांडे, चौघांनी खांद्यावर घ्यायची.

मी म्हटलं, "आई, डोली करू या."

सासूबाईंनी डोलीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "चौघांच्या खांद्यावरून आत्ताच कशाला? ते पुढं आहेच की!"

डोलीवाले हसले. त्यांच्यातला वयस्कर होता तो म्हणाला, "आजी, आमच्या खांद्यावर बसल्याली माणसं माघारी येत्यात."

तरी त्या चालतच निघाल्या. दहा पायऱ्या चढायच्या, थांबायचं. पुन्हा दहा. आम्हाला अर्धा तास लागला. दिवाळीत हे जमलं असतं का? त्या पायऱ्यांवर थांबायलाच जागा नसती. खाली वाघूर नदी भरून वाहत होती. समोरच्या कड्यावरून पाण्याच्या धारा कोसळत होत्या. माणसाचा आवाज म्हणाल तर आमचाच.

पहिल्या लेण्यात शिरलो तेव्हा काही म्हणजे काही दिसेना. बाहेर ढगाळ, आत मिणमिणता उजेड. ह्यांनी मोबाईल काढला तर पहारेकऱ्यानं बजावलं, फ्लॅश चालणार नाही. त्या प्रकाशानं रंगांना धोका असतो. आम्ही सरकारमान्य गाईड केला होता. तो म्हणाला, "घाई करू नका. नुसते उभे राहा." आम्ही उभे राहिलो. पाच मिनिटं गेली असतील. हळूहळू भिंत उजळायला लागली, म्हणजे भिंत होती तशीच होती, डोळे सरावले. आधी लाल आला, मग हिरवा, मग मोत्यांची माळ दिसली. आणि मग कललेली मान.

सासूबाई एकदम म्हणाल्या, "अगं बाई! हे तर आपल्या दुकानातले!"

त्यांनी तिथंच हात जोडले. मग मला हळूच म्हणाल्या, "तो कुठला देव ते मी ह्यांना कधी विचारलंच नाही. पण रोज दिवेलागणीला उदबत्ती दाखवत आले." चाळीस वर्षं त्या चित्राला उदबत्ती दाखवली होती त्यांनी! हे शेजारी उभे होते. ह्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. किती वेळ उभे होतो कुणास ठाऊक. कुणी "पुढं चला" म्हटलं नाही.

तिथून पुढं मात्र सासूबाईंचे गुडघे बोलायला लागले. वयस्कर डोलीवाला मागोमाग आलाच होता. म्हणाला, दिवाळीत दम खायला मिळत नाही, पण या दिवसांत दिवसाला एक भाडं मिळालं तरी नशीब. सासूबाईंनी ह्यांच्याकडे पाहिलं, आणि पदर सावरून डोलीत बसल्या. जाताना मला बजावलं, "भाव करू नको हं."

अजिंठ्याला लहानमोठी तीस लेणी आहेत. त्यांतली नवव्या-दहाव्या नंबरची फार जुनी, दोन हजार वर्षांपूर्वीची. दहाव्यात एका खांबावर जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं आपलं नाव आणि 1819 साल खरडून ठेवलंय. शिकारीला आला होता आणि त्याला झाडीत दडलेली ही लेणी दिसली. आपली मुलं किल्ल्यांवर नावं कोरतात त्यांचा आद्यगुरू म्हणायचा!

सोळाव्या लेण्यापाशी गाईडनं आम्हाला बसवलं. तो म्हणाला, गर्दीच्या दिवसांत हे सांगायला उसंत नसते. मग त्यानं बाहेरच्या भिंतीवरचा लेख दाखवला. झिजलेली अक्षरं. नागपूरचे वा. वि. मिराशी यांच्यासारख्या विद्वानांनी असे वाकाटकांचे लेख लावून ठेवले म्हणून आज आपल्याला त्यांचा अर्थ कळतो. पाचव्या शतकात वाकाटकांचा हरिषेण नावाचा राजा होता. त्याचा प्रधान वराहदेव. त्यानं हे लेणं कोरवून भिक्षूंना राहायला दिलं. कशासाठी, तर आपल्या आईवडिलांना पुण्य लाभावं म्हणून.

सासूबाईंनी विचारलं, "कुणाला म्हणालात?"

"आईवडिलांना, आजी."

त्या बराच वेळ त्या भिंतीकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे हेही श्राद्धच की हो. आपण पान वाढतो, त्यानं डोंगर कोरला."

मी काही बोलले नाही. मागं जेवताना मी जे बोलून गेले होते, ते मला आठवलं. गेलेल्यांसाठी आणि जिवंतांसाठी असे दिवस मी वाटून टाकले होते. इथं एकानं आपल्या आईवडिलांच्या नावानं केलेली वस्तू दीड हजार वर्षं जिवंत माणसांच्या उपयोगी पडत होती. मी सासूबाईंच्या शेजारी पायरीवर बसले आणि म्हटलं, "आई, त्या दिवशी मी फार बोलले."

"बोललीस खरी," त्या म्हणाल्या. "पण खोटं नव्हतीस बोलली." आणि पिशवीतून पाण्याची बाटली काढून आधी माझ्या हातात दिली.

त्या तिथंच बसून राहिल्या. आम्ही दोघं पुढं सव्वीसाव्यापर्यंत जाऊन आलो. तिथं महापरिनिर्वाणाचा बुद्ध आहे, कुशीवर पहुडलेला, सातेक मीटर लांब. खालच्या बाजूला शोक करणारे शिष्य. चोवीस वर्षांत आम्ही दोघं इतका वेळ एकमेकांशी न बोलता आणि न भांडता चाललो नव्हतो. परतताना पाऊस आला. एका छत्रीत दोघं. ह्यांचा उजवा खांदा भिजला, माझा डावा. हे म्हणाले, "फार उशीर केला मी." मी म्हटलं, "पाऊस थांबेपर्यंत उभे राहू." त्यांचा रोख पावसावर नव्हता, हे मला कळलं होतं. आणि मला कळलंय, हे त्यांनाही.

गुरुवारचं वेरूळ थोडक्यात सांगते. तिथं चौतीस लेणी आहेत, बौद्ध, हिंदू आणि जैन. पण घरात गुडघेदुखीचं माणूस असेल तर काळजी नको. सोळा नंबरचं कैलास लेणं फाटकाच्या अगदी समोर, सपाटीवर. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं. डोंगर वरून खाली कोरत आणून अख्खं देऊळ काढलंय. "आधी कळस, मग पाया!" असं सासूबाई म्हणाल्या आणि काठी टेकत त्यांनी पुरी प्रदक्षिणा घातली. मग घृष्णेश्वराचं निवांत दर्शन झालं. श्रावणात जिथं तासन् तास रांगेत उभं राहावं लागतं, तिथं त्या गाभाऱ्यात डोळे मिटून स्वस्थ बसल्या.

शुक्रवारी घरी आलो. शेजारच्या वहिनींनी विचारलंच, "अहो, पितृपक्षात गेलात?" मी उत्तर जुळवत होते, तोच सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "हो. आमच्या ह्यांचं राहिलं होतं, ते करून आलो."

पुढच्या बुधवारी सर्वपित्री अमावास्या होती. सासूबाईंनी कावळ्याला घास ठेवला. मग आत येऊन मला म्हणाल्या, "आणखी एक वाढ."

"तो कुणासाठी, आई?"

"ज्यांनी ते डोंगर कोरले त्यांच्यासाठी. प्रधानाचं नाव राहिलं भिंतीवर. कोरणाऱ्यांचं कुठं राहिलंय? अमावास्या त्यासाठीच असते. ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांच्यासाठी."

मी वाढला. वरण-भात, वडा, थोडी खीर. कावळा यायला वेळ लागला, पण आला.

तेव्हा मैत्रिणींनो, नवं कॅलेंडर घरात आलं की सणांबरोबर हेही दिवस हेरून ठेवा. आमच्याकडे आता ते काम ह्यांनी घेतलंय. यंदाच्या कॅलेंडरवर भाद्रपदाच्या पानाला त्यांनी पेन्सिलीनं बारीक खूण केली आहे. कुठं जायचं ते अजून ठरलेलं नाही. सासूबाई म्हणतात, "पायऱ्या कमी असल्या म्हणजे झालं."